माश्या पेटीत आल्या, पण राहतील का? (वाचकांची पत्रं)

फेब्रुवारी लागला, संत्र्याचा अंबिया बहार फुलला की मला मधमाश्यांचीच पत्रं जास्त येतात, भाज्यांवरच्या माव्याचे आणि गुलाबाच्या छाटणीचे प्रश्न मग मागच्या रांगेत जातात. यावेळी त्यातली चार-पाच घेतेय, पहिलं जरा लांब आहे आणि उत्तरही लांबच होणार, सांभाळून घ्या.

प्रश्न : काकू नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. मागच्या रविवारी शेजाऱ्यांच्या शेवग्याच्या फांदीला माश्यांचा घोस लटकलेला दिसला, नारळापेक्षा थोडा मोठा असेल. मी आणि माझा मित्र, आम्ही व्हिडिओ बघून खाली पुठ्ठ्याचा खोका धरला, फांदी झटकली आणि संध्याकाळी सगळ्या माश्या लाकडी पेटीत टाकल्या. पेटी नवीन आहे, आठ चौकटींची, गच्चीवर टिनाच्या शेडला लागून ठेवली. राणी दिसते का म्हणून रोज संध्याकाळी भाचीला घेऊन झाकण उघडतो, अजून दिसली नाही. पेटीसमोर बशीत गुळाचं पाणी ठेवलं, त्याला मुंग्याच फार लागल्या. पेटीवाल्यानं राणीगेट (राणी बाहेर जाऊ नये म्हणून दाराला लावायची फटींची जाळी) दिलं होतं ते पहिल्या दिवसापासून लावलेलं आहे. आज पाचवा दिवस. काल दुपारपासून अर्ध्या माश्या बाहेर दाराशी लटकून बसल्यात. पळून जातील का?

उत्तर : जातील बाप्पा, तू आता जे चालवलंयस ते अजून दोन दिवस चालवलंस तर नक्की जातील. पण पाच दिवस टिकल्यात म्हणजे अजून हातात आहेत, तर आधी ते झाकण बंद कर आणि भाचीला सांग की आता पुढच्या रविवारीच.

रागावत नाहीये, मी पण हेच केलं होतं. माझा पहिला थवा मी पकडला तेव्हा आमच्या गल्लीत कोणी पाहुणा आला की त्याला गच्चीवर नेऊन झाकण उघडून दाखवायचे, बघा बघा किती शांत आहेत. सहाव्या दिवशी सकाळी वर गेले तर पेटीतून आवाजच नाही. आत तळहाताएवढी दोन पोळी, ताजी, दुधासारखी पांढरी, आणि माशी एक नाही, सगळ्या गेलेल्या. ती पोळी मी कितीतरी दिवस जपून ठेवली होती, मग उन्हाळ्यात मेणकिड्यानं खाल्ली. भाडेकरू आला आणि घरमालक रोज संध्याकाळी पाहुणे घेऊन स्वयंपाकघर बघायला येऊ लागला तर तो भाडेकरू किती दिवस राहील, तसंच आहे हे.

आता मूळ गोष्ट समजून घे म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळेल. तुझ्याकडे आलेली माशी सातेरी आहे, आपली देशी. ही माशी पेटीवर जीव लावत नाही, कितीही चांगली, महाग, सागवानी पेटी आणली तरी. ती राहते ती पिल्लांसाठी. पोळ्यात राणीनं अंडी घातली, अळ्या झाल्या, त्यांना भरवायचं काम सुरू झालं, की मग माश्या सहजासहजी घर सोडत नाहीत. त्याच्या आधी ती वसाहत म्हणजे एसटी स्टँडवर सामान घेऊन बसलेलं कुटुंब आहे, गाडी आली की निघाले. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस तुझं काम एवढंच की अंडी लवकर पडावीत आणि तोवर त्यांना निघून जायचं कारण मिळू नये.

कारणं बघ किती जमवलीस. एक तर भूक. थवा जुन्या घरातून निघतो तेव्हा प्रत्येक माशी पोट भरून मध घेऊन निघते, साधारण तीन दिवसांची शिदोरी. म्हणूनच फांदीवर लटकलेला थवा इतका गरीब असतो, पोट भरलेलं आणि राखायला घर नाही, ती चावून काय करणार. पण तुझा पाचवा दिवस आहे, शिदोरी संपली, आणि वरून त्यांना शून्यातून पोळं बांधायचंय. मेण काही बाहेरून आणत नाहीत, माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींमधून ते झरतं आणि एक किलो मेण तयार करायला सहा-सात किलो मध लागतो असा अंदाज सांगतात. मग खायला नको?

गूळ अजिबात नको. गुळानं माश्यांचं पोट बिघडतं, पेटीभर पिवळे शिंतोडे दिसायला लागतात. मध पण बाजारातला घालू नको, दुसऱ्या वसाहतीचा रोग त्यातून येऊ शकतो. साधी पांढरी साखर, जेवढी साखर तेवढंच पाणी, कोमट पाण्यात विरघळवायची, पाक करायचा नाही, एक वाटी पुरे. ती वाटी पेटीच्या आत, झाकणाखाली, वर चार काड्या किंवा सुकलेली पानं तरंगत ठेवायची नाहीतर सकाळी त्यात वीस-पंचवीस माश्या बुडून मेलेल्या दिसतील. आणि द्यायचं दिवस मावळल्यावरच. दिवसा दिलं की वास सुटतो, शेजारपाजारच्या माश्या लुटायला येतात, आणि तुझा थवा लहान आहे, त्याला राखण जमत नाही. पाणी खाली सांडलं तर लगेच पूस. हे झाकण उघडणं चालतं, कारण ते अर्ध्या मिनिटाचं आहे आणि चौकट हलत नाही.

मुंग्या. पेटी स्टँडवर घे, लोखंडी चालेल, चारही पायांखाली वाट्या, त्यात पाणी आणि वर जळकं ऑईल थोडंसं, नाहीतर डासांची पैदास होईल आणि घरचे माश्यांसकट तुलाही गच्चीवरून काढतील. वाट्यांत वाळकी काडी पडली की मुंग्यांना पूल मिळतो, तेवढं रोज बघायचं. बशी आजच उचल.

दाराशी लटकलेल्या माश्या म्हणजे गरम होतंय. आत पिल्लं असली की माश्या तिथलं तापमान ३५ अंशाच्या आसपास धरून ठेवतात, त्यासाठी पाणी आणून शिंपडतात, पंख मारून वारा घालतात, आणि तरी जमेना की गर्दी कमी करायला बाहेर येऊन बसतात. फेब्रुवारीतच ही अवस्था तर एप्रिल-मेमध्ये टिनाजवळ काय होईल, आपल्याकडे ४५ वर पारा जातो. नवं पोळं तर लोण्यासारखं असतं, मेण वितळतं ६२-६४ अंशांना पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून मधाच्या वजनानं खाली कोसळतं.

पण म्हणून आता पेटी उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊ नको. पाच दिवसांत त्यांनी ही जागा पाठ केलीय, बाहेर गेलेल्या सगळ्या जुन्या जागी परत येऊन घिरट्या घालत बसतील. पेटी हलवायचीच असेल तर रोज संध्याकाळी एक-दोन फूट सरकवायची. त्यापेक्षा सावली तिथं आण, वर हिरवी जाळी नाहीतर तट्ट्या, झाकणावर बारदाना, आणि मार्चपासून तो दुपारी ओला करायचा. टिन आणि पेटीमध्ये हातभर अंतर पाहिजे. जवळ उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेव आणि एकदा ठेवलं की ते सुकू देऊ नको, त्यांनी एकदा शेजाऱ्यांच्या कूलरचा नाद धरला की सुटत नाही.

आठ चौकटी त्या नारळाएवढ्या थव्याला फार मोठ्या आहेत, वन बीएचकेच्या माणसाला वाडा दिल्यासारखं. तीन-चार चौकटी ठेव, बाकी काढ, आणि कडेला एक पातळ फळी उभी लाव म्हणजे तेवढीच जागा वापरतील, आणि मुंग्या-पालींपासून राखणंही सोपं जाईल. जुनं मेण कोणाकडून मिळालं तर चौकटीच्या वरच्या पट्टीला आतून चोळ, नव्या लाकडाचा वास मरतो. गवती चहाची पानं चोळणारेही लोक आहेत, मीही चोळते, आणि आता सवयच झालीय.

आता राणीगेट, इथं जरा विचार कर. गेटच्या फटीतून कामकरी माश्या जातात, राणी जात नाही, आणि राणी नाही गेली तर थवाही जात नाही, एवढं चांगलं. पण राणी दोन प्रकारची असू शकते. वसाहत फुटते तेव्हा पहिल्या मोठ्या थव्याबरोबर जुनी राणी जाते, तिचं लग्न आधीच झालेलं, पोळं बोटभर झालं की ती अंडी घालायला लागते. नंतरचे जे लहान थवे निघतात त्यांच्यात कुमारी राणी असते, तिला दुपारच्या उन्हात बाहेर उडून नरांशी मिलन करून यावं लागतं, आणि मग कुठं अंडी, दोन-तीन आठवडे जातात. तिला गेट लावलंस तर ती आयुष्यभर कोरीच राहणार आणि वसाहत हळूहळू मरणार. तुझा थवा नारळाएवढा म्हणतोस म्हणजे मला या दुसऱ्या, कुमारी राणीचीच शंका येते. दुपारी गेटच्या आतल्या बाजूला जाडजूड काळे नर अडकून धडपडताना दिसतात का बघ, नरही फटीतून जाऊ शकत नाहीत.

तर असं कर. खायला चालू ठेव, आणि सातव्या-आठव्या दिवशी सकाळी दहा-अकराला, ऊन चांगलं असताना, एकदाच नीट उघड. पांढरे कपडे, अत्तर नको, धुराड्यात वाळकं शेण किंवा गोणपाट, धूर दोन फुंका, जास्त नाही. राणी शोधत बसायचीच नाही, तिच्या खुणा शोधायच्या. पोळ्याची चौकट खांद्यावरून ऊन येईल अशी धर, खोलीच्या तळाशी तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढरी काडी उभी दिसते ते अंडं. एका खोलीत एक, मधोमध. दिसलं की जिंकलास, राणी जुनी आहे, गेट अजून चार-पाच दिवस राहू दे, अळ्या दिसल्या की काढ. अंडी नसतील तर त्याच दिवशी गेट काढ आणि पुढचे पंधरा दिवस हात लावू नको. पळण्याचा धोका राहतो पण कोंडून मारण्यापेक्षा बरा. आणि हो, ते गेट मेलिफेराचं, म्हणजे मोठ्या परदेशी माशीचं असेल तर फेकून दे, त्याच्या फटी मोठ्या, आपली राणी आरामात निघून जाते.

ओळखीत कोणाची सातेरीची निरोगी वसाहत असेल तर अळ्या असलेली एक चौकट उसनी मिळते का बघ, माश्या झटकून. हा सगळ्यात पक्का उपाय. परक्याची का होईना, पिल्लं दिसली की त्यांचा पाय निघत नाही.

बाकीचे दिवस दारासमोर खुर्ची टाकून बसायचं, बाहेरूनच बरंच कळतं. मागच्या पायांना पिवळे-केशरी गोळे घेऊन माश्या आत जातायत तर परागकण येतायत, म्हणजे आत पिल्लांची तयारी आहे. काही माश्या दारात शेपूट वर करून पंख मारताना दिसतील, ते वास सोडून बाकीच्यांना बोलावणं असतं. सगळ्या नुसत्या सुस्त, परागकण कोणीच आणत नाही, असं दोन-तीन दिवस चाललं तर मात्र निघायची तयारी चालू आहे असं समज.

मधाचं विचारलं नाहीस पण पुढच्या पत्रात विचारशीलच. यंदा नाही. कडुनिंब, करंज, जांभूळ यांचा मोहोर मार्च-एप्रिलमध्ये मिळेल त्याच्यावर त्यांना वसाहत वाढवू दे, पावसाळ्यात आपल्याकडे फुलांची मारामार असते तेव्हा तोच साठा त्यांना लागतो, आणि तरी साखरपाणी द्यावंच लागतं. दिवाळीनंतर तूर फुलल्यावर बघू.

प्रश्न : आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. गोठ्याच्या मातीच्या भिंतीत सातेरीची जुनी वसाहत होती ती भिंत पाडायची म्हणून काढली. पोळी कापून चौकटीला रबरबँडनं बांधली, दोन दिवसांत तीन पोळी खाली पडली, आणि निम्म्या माश्या पाडलेल्या भिंतीवरच जाऊन बसतात. काय चुकलं?

उत्तर : भाऊ, तुमचं निम्मं काम बरोबर झालंय. पोळं बांधताना मधाचा वरचा पट्टा कापून टाकायचा असतो, तो ठेवला की वजनानं सगळंच सुटतं. पिल्लांचा भाग तेवढा घ्यायचा, वरची कड सरळ कापून चौकटीच्या पट्टीला टेकवायची, आणि वरची बाजू वरच राहिली पाहिजे, उलटं बांधलेलं पोळं त्यांना नकोसं होतं कारण खोल्यांना बाहेरच्या बाजूला थोडा चढ असतो. बांधायला केळीच्या सोपटाचा दोर सगळ्यात छान, नाहीतर सुती दोरा. दोन-तीन दिवसांत माश्या पोळं मेणानं पट्टीला चिकटवून घेतात आणि मग दोरा कुरतडून कुरतडून दाराबाहेर फेकतात. पेटीपुढं दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे पडलेले दिसले ना की समजायचं घर मान्य झालं, मला तर ते तुकडे बघून मधाच्या बरणीपेक्षा जास्त आनंद होतो. पडलेली पोळी मुंग्या लागण्याआधी काढून टाका, आतली पिल्लं गेलीच आता.

माश्या भिंतीकडे जातायत कारण ही वसाहत आहे, थवा नाही. थवा नवीन जागा पाठ करायच्या तयारीनंच निघालेला असतो, कुठंही ठेवा. जुन्या घरातून जबरदस्तीनं काढलेल्या माश्यांना जुनाच पत्ता आठवतो. एक तर पेटी त्या भिंतीच्या जागीच ठेवायची आणि मग रोज थोडी थोडी सरकवायची, नाहीतर संध्याकाळी दार जाळीनं बंद करून दोन-तीन किलोमीटर लांब दुसऱ्या कोणाच्या मळ्यात पंधरा-वीस दिवस ठेवून परत आणायची. तुमची भिंत तर पडली, तेव्हा हा दुसरा उपायच करा. आणि अंबिया बहार चालू आहे तोवर बागेत फवारणी करायची झाली तर फुलांवर नको, आणि करावीच लागली तर दिवस मावळल्यावर. शेजारच्या बागवाल्यालाही सांगून ठेवा, माश्यांना शेताचा धुरा, म्हणजे बांध, कळत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सहाव्या मजल्यावरच्या टाकीला मोठं मोहोळ लागलंय. तुमच्यासारखं पेटीत घालता येईल का? मुलं तयार आहेत.

उत्तर : मुलांना खाली बोलवा. ते आग्या मोहोळ आहे, एकच मोठं पोळं, उघड्यावर, उंचावर, आणि ही माशी कोणाच्याच पेटीत राहत नाही. छेडलं तर शेकडोंनी येतात आणि लांबपर्यंत पाठलाग करतात. हंगाम संपला की त्या आपणहून जातात, पावसाच्या आधी बहुतेक रिकामं होतं, तोवर टाकीकडे फटाके, धूर, मोठा दिवा, ड्रोन काही नेऊ नका. जाळायचं तर बोलूच नका. काढायलाच हवं असेल तर प्रशिक्षण घेतलेला माणूस रात्री काढेल. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं या भागात आग्याचा मध माश्या न जाळता काढायचं काम बरीच वर्षं शिकवलंय, तशी शिकलेली माणसं विदर्भात आहेत, शोधा.

चुकून हल्ला झालाच तर तोंड झाकून धावत बंद खोलीत, हात झटकत उभं राहायचं नाही. काटा नखानं लगेच खरवडून काढायचा, किती वेळ आत राहतो त्यावर विष ठरतं. घसा आवळल्यासारखा वाटला, अंगभर गांध्या उठल्या, चक्कर आली तर घरगुती काही नाही, सरळ दवाखाना.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातून लिहितोय, निवृत्त शिक्षक आहे. माझ्या एका पेटीत एकेका खोलीत तीन-तीन अंडी दिसतात. राणी फार जोरात आहे असं समजायचं का?

उत्तर : सर, तसं असतं तर काय हवं होतं. राणी नाहीये बहुतेक. ती गेली की काही दिवसांनी कामकरीच अंडी घालायला लागतात, सातेरीत तर हे फार लवकर होतं. त्यांचं पोट आखूड, अंडं तळाशी पोचत नाही, खोलीच्या भिंतीला चिकटलेली वेडीवाकडी दिसतील, आणि त्यातून निघतात फक्त नर. पोळ्यावर टोपीसारखे फुगलेले कोष आणि प्रत्येक टोपीच्या टोकाला सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं का बघा, सातेरीच्या नराची ती खूण. दिसलं तर नवी राणी द्यायच्या भानगडीत पडू नका, मारून टाकतात, त्या माश्या दुसऱ्या चांगल्या वसाहतीत वर्तमानपत्राचा कागद मधे घालून मिसळून टाका, तो कुरतडेपर्यंत दोघांचा वास एक होतो. पण नवी राणी नुकतीच अंडी घालायला लागली असेल तर तीही सुरुवातीला एखाद-दुसऱ्या खोलीत दोन घालते, म्हणून आठवडाभर थांबून परत बघा. रिकामी पोळी तशीच ठेवू नका, मेणकिडा लागला की पांढऱ्या जाळ्यांचा गोधडा होतो.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर मधपेटी ठेवली आहे. मागच्या उन्हाळ्यात सगळ्या माश्या आमच्या कूलरवर. खसाच्या ताट्यांवर शंभर-शंभर बसायच्या, पंख्यातून घरात यायच्या. शेजाऱ्यांशी बोलणं बंद आहे. काय करू?

उत्तर : बोलणं सुरू करा, आधी तेच. त्या चावायला येत नाहीत, पाणी न्यायला येतात, ओला खस म्हणजे त्यांना नळ सापडल्यासारखं. शेजाऱ्यांना सांगा की मार्चच्या पहिल्या आठवड्यातच, तुमचा कूलर लागायच्या आधी, पेटीपासून दहा-पंधरा फुटांवर मातीच्या परातीत खडे आणि पाणी ठेवायचं, चिमूटभर मीठ टाकलं तरी चालेल, आणि एक दिवसही सुकू द्यायचं नाही. कूलर आधी लागला तर मग परातीकडे कोणी बघणार नाही. तुम्ही कूलरला बाहेरून मच्छरदाणीची जाळी लावा, ताट्यांपासून दोन बोटं लांब, टेकलेली नको, टेकली तर जाळीतूनच पाणी पितात.